अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढायला मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न: आठवी-नववीची मराठी शिक्षिका, सोलापूर (पूर्व भाग)

सर्वांना नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी आणि नववीला मराठी शिकवते. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड, तर काहींच्या घरी दखनी. बोलण्यात ही मुले कुठेही अडत नाहीत; गड्ड्याच्या यात्रेचे वर्णन करायला सांगितले, तर थांबवावे लागते. ती अडतात छापील मजकुरात, आणि तेही धड्यापेक्षा अपठित उताऱ्यात जास्त.

धड्याखालचे शब्दार्थ आधी फळ्यावर लिहून दिले, की मुले ते वहीत उतरवून घेतात, पाठ करतात आणि चाचणीत बरोबर लिहितात. परंतु तोच शब्द पुढे दुसऱ्या मजकुरात भेटला, की जणू पहिल्यांदाच पाहत आहोत असा चेहरा करतात. म्हणून या सत्रापासून मी शब्दार्थ आधी देणे थांबवले आणि ‘मागचे-पुढचे वाचून अर्थ काढा’ असे सांगू लागले. तेव्हापासून वर्गात सरळ दोन तट पडले आहेत. काही मुले प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबून हात वर करतात, त्यामुळे तास संपला तरी उतारा संपत नाही. उरलेली मनाला येईल ते ठोकून देतात आणि पुढे निघतात.

एक उदाहरण देते. मी फळ्यावर असे वाक्य लिहिले होते: ‘मुलाच्या अपघाताची बातमी आजोबांनी निर्विकार चेहऱ्याने ऐकली आणि ते पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले.’ निर्विकार म्हणजे काय, असे विचारताच जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात ‘दुःखी’ म्हणाला. एका मुलीने मात्र नुकत्याच शिकवलेल्या उपसर्गांची आठवण ठेवून ‘निर्’ आणि ‘विकार’ अशी फोड केली, हृदयविकार हा शब्द तिला माहीत होता, आणि तिने उत्तर दिले, ‘निरोगी’. तिची फोड चुकीची नव्हती, त्यामुळे तिला नुसते ‘चूक’ म्हणून खाली बसवणे मला पटेना. संदर्भाने वर्गाला फसवले आणि व्याकरणाने तिला फसवले, मग मुलांनी विश्वास ठेवायचा तरी कशावर?

अनुभवी मंडळींना माझे विचारणे असे आहे, की अनुमान करण्याची काही ठरावीक पद्धत मुलांच्या अंगवळणी पाडता येते का. कोणते शब्द आधी सांगून टाकावेत आणि कोणते मुलांवर सोडावेत. आणि एकदा वर्गात चुकीचा अर्थ मोठ्याने उच्चारला गेला, की तोच डोक्यात घट्ट बसतो, त्याला काय करावे?

उत्तर १: इंग्रजीचे शिक्षक, मोहोळ तालुका

मॅडम, नमस्कार. हा प्रश्न आमच्या विषयात रोजचाच असल्याने इंग्रजीच्या अध्यापनात त्यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. त्यातला मराठीला लागू पडेल तेवढा भाग सांगतो.

वाक्य वाचले की अर्थ कळतोच, हे गृहीत धरण्यापासून अडचण सुरू होते. इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये संदर्भांचे चार प्रकार पाडले: नेमकी दिशा देणारे, ढोबळ दिशा देणारे, काहीच दिशा न देणारे आणि चक्क दिशाभूल करणारे. शालेय वाचनाच्या गोष्टींतील निवडक शब्द झाकून त्यांनी ते प्रौढ वाचकांना ओळखायला सांगितले. पहिल्या प्रकारात बहुतेक शब्द ओळखले गेले, शेवटच्या प्रकारात मोठ्यांनाही जवळजवळ एकही जमला नाही. लेखक गोष्ट सांगण्यासाठी लिहितो, शब्दार्थ शिकवण्यासाठी नाही. तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्यातून अर्थ निघावा ही अपेक्षाच गैर आहे. आपण मात्र ‘संदर्भावरून काढा’ एवढे सांगून मोकळे होतो आणि त्या वाक्यात काढण्याजोगे काही आहे का, हे स्वतः तपासत नाही.

तुमचे आजोबांचे वाक्य पाहा. अपघाताची बातमी म्हटल्यावर दुःख अपेक्षित असते, म्हणून पूर्वार्ध दिशाभूल करतो. परंतु ‘पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले’ हा उत्तरार्ध दुःखाशी जुळत नाही. वर्गाने वाक्य पूर्ण वाचले असेल, पण अनुमान अर्ध्यावरच पक्के केले. ‘दुःखी चेहऱ्याने ऐकली आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले’ असे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. कुणीतरी ‘असं कसं?’ म्हणेलच. ते ‘असं कसं’ वर्गातून निघेपर्यंत आपण बरोबर अर्थ सांगायचा नाही.

पद्धतीबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. क्लार्क आणि पॉल नेशन यांनी १९८० मध्ये सुचवलेला क्रम मी वर्गात वापरतो. आधी शब्दाची जात ठरवायची: नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद. मग लगतचे शब्द पाहायचे: कोण, कशाला, काय करते. त्यानंतर मागच्या-पुढच्या वाक्यांशी नाते तपासायचे, आणि येथे ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘उलट’ हे शब्द फार उपयोगी पडतात. ‘मामा मितभाषी, उलट मामी बोलायला लागली की ऐकतच राहावे’ यात ‘उलट’ने निम्मे काम केलेले आहे. एवढे झाल्यावर अनुमान करायचे आणि शेवटी ते शब्दाच्या जागी घालून पडताळायचे. शब्दाची फोड या क्रमात अगदी शेवटी, पडताळणीच्या वेळी येते, हे ध्यानात घ्या. फोड आधी केली, की मूल त्या अर्थाला चिकटते आणि वाक्य ओढून-ताणून त्यात बसवते. ‘निरोगी’ हे उत्तर तसेच आलेले आहे. चेहरा निरोगी असू शकतो, म्हणून तिला संशय आला नाही.

मुलांना शब्द पुढे आठवत नाही, या तक्रारीबद्दलही थोडे लिहितो. वाचता वाचता त्या क्षणापुरता अर्थ लागणे वेगळे आणि शब्द कायमचा आपला होणे वेगळे. नॅगी, अँडरसन आणि हर्मन यांनी १९८७ मध्ये तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांवर अभ्यास केला, तेव्हा सहज वाचनात एकदाच भेटलेला नवा शब्द लक्षात राहण्याची शक्यता साधारण विसात एक एवढीच निघाली. पुढे १९९९ मध्ये स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर यांनी वीस प्रयोग एकत्र तपासून हे प्रमाण सुमारे १५ टक्के धरले. आकडा कोणताही घ्या, एका भेटीत शब्द मुरत नाही. तेव्हा दोष तुमच्या मुलांचा नाही. त्यांना तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटेल एवढे वाचन मिळत नाही, हे खरे दुखणे आहे.

आणखी एक गोष्ट उतारा निवडताना पाहावी. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासावरून असे मानतात, की मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असले, तर वाचक आधाराशिवाय वाचू शकतो. दहा शब्दांची ओळ धरली, तर हे पाच ओळींत एक अनोळखी शब्द एवढे पडते. ओळीओळीला अडखळायला लावणारा उतारा देऊन ‘अनुमान करा’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ज्यांच्या आधाराने अनुमान करायचे, ते शब्दच त्याला ठाऊक नसतात.

उत्तर २: निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी

वरील सरांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे. परंतु ती सगळी इंग्रजीवर बेतलेली आहे आणि इंग्रजीचा नियम मराठीला जसाच्या तसा लावण्याला माझा विरोध आहे. दोन ठिकाणी तर ठाम विरोध आहे.

शब्दाची फोड शेवटी करावी हे मराठीत मला मान्य नाही. मराठीत शब्द वाक्यात येतो तो बहुधा सामान्यरूप होऊन, प्रत्यय लावून येतो. ‘पाखरांना’मधून ‘पाखरू’ आणि ‘विहिरीत’मधून ‘विहीर’ काढता आली नाही, तर मुलाला आपण कोणत्या शब्दाचा अर्थ शोधतो आहोत हेच कळत नाही. ‘अवर्षणामुळे’ हा शब्द मुलाला डोंगराएवढा वाटतो. ‘मुळे’ बाजूला काढला, ‘णा’चा ‘ण’ केला, ‘अ’ वेगळा केला, की उरते ते ‘वर्षण’, आणि वर्षा ऋतू त्याला तिसरीपासून माहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील मुलाला याहून जवळचा शब्द कोणता असेल? ही फोड आधीच व्हायला हवी.

त्या मुलीचे उत्तर चुकले, याला कारण फोड नव्हे. तिला ‘विकार’ शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. विकार म्हणजे मूळ स्थितीत झालेला बदल. रोग हा त्यातला एक प्रकार. राग, लोभ, भय हे मनाचे विकार. मॅडमनी तिला ‘मनोविकार’ हा शब्द दिला असता, तर ती आपली आपण योग्य अर्थापर्यंत पोहोचली असती, आणि मग वर्गाच्या ‘दुःखी’ला तिनेच खोडून काढले असते. फसवी फोड असते, हे मी नाकारत नाही. ‘अनुभव’मध्ये नकाराचा ‘अन्’ शोधणारी मुले मी पाहिली आहेत. अशा वेळी सरांची पडताळणी कामाला येते.

दुसरा मुद्दा शब्दकोशाचा. हल्ली ‘अर्थ सांगू नका, काढू द्या’ हे इतके ऐकू येते, की शिक्षकाने अर्थ सांगणे हा गुन्हाच वाटावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडशः निघाला. तो आता संगणकावर फुकट पाहता येतो. मुलाने अनुमान करावे आणि मग तो उघडून खात्री करावी. अनुमान करून तसेच सोडून देणे म्हणजे गणित सोडवून ताळा न पाहणे होय. चुकीचा अर्थ डोक्यात बसण्याची जी भीती मॅडमनी व्यक्त केली आहे, तिच्यावर त्याच तासात, त्याच पानावर केलेल्या ताळ्याखेरीज दुसरा उपाय मला माहीत नाही.

कोणते शब्द आधी सांगावेत, याचे उत्तर सोपे आहे. संतकाव्यातील जुनी रूपे सांगून टाकावीत. ‘म्हणौनि’ आणि ‘जैसे’ यांवर तास खर्च करण्यात हशील नाही. ज्या शब्दावाचून उताऱ्याचा गाभाच हाती लागत नाही आणि उतारा ज्याचा काही पत्ता देत नाही, तोही सांगावा. वस्तूंच्या नावांना मात्र मी निराळा न्याय लावतो. ‘तिफणीने पेरणी उरकली’ या वाक्यात शहरातल्या मुलाला ‘पेरणीचे काहीतरी अवजार’ एवढे कळले तरी वाचन पुढे सरकते. तिला तीन फण असतात, हे मंगळवेढ्याकडचे मूल त्याला मधल्या सुट्टीत सांगेल.

उत्तर ३: संस्कृत व मराठीचे शिक्षक, पंढरपूर

मुख्याध्यापक सर आणि मोहोळचे सर यांचा वाद वाचून गंमत वाटली, कारण आपल्याकडे हा वाद फार पूर्वी होऊन त्यात दोघांनाही जागा दिलेली आहे. शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध शिकणाऱ्याला कसा कळतो, याला शास्त्रात ‘शक्तिग्रह’ म्हणतात आणि त्याचे आठ मार्ग सांगतात: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचे सान्निध्य. सामान्यरूपाची आणि उपसर्गाची फोड व्याकरणात आली, शब्दकोश आला, ‘आप्तवाक्य’ म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, त्यात शिक्षक आले. मॅडम ज्याला संदर्भ म्हणतात, तो शेवटच्या काही मार्गांत विभागलेला आहे, आणि ही विभागणी वर्गात फार उपयोगी पडते.

सान्निध्याचे ठरलेले उदाहरण असे: ‘या आंब्याच्या झाडावर पिक गोड गात आहे.’ ‘पिक’ हा संस्कृत शब्द माहीत नसला, तरी आंब्याचे झाड आणि गोड गाणे हे दोन्ही माहीत असल्याने ऐकणारा ‘कोकीळ’ हे ओळखतो. वाक्यशेषाचे उदाहरण ‘यव’ या शब्दाचे आहे. काही लोक यव म्हणजे सातू समजत, काही राळे समजत. पुढे त्याच ठिकाणी असे वर्णन येते, की इतर वनस्पती सुकत असताना हे धान्य टवटवीत उभे असते, आणि त्यावरून सातू हा अर्थ निश्चित होतो. म्हणजे पहिल्या प्रकारात पुरावा शेजारी असतो आणि दुसऱ्यात तो पुढे, कधी चार ओळींनंतर असतो. आजोबांच्या वाक्यात मुलांनी सान्निध्य पाहिले, शेष पाहिला नाही. ‘शेजारी पाहिलेस, आता शेष पाहा’ हे एवढे वाक्य मुलांच्या तोंडी बसवले, तरी पुष्कळ काम होते.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो व्यवहाराचा मार्ग. मोठा माणूस म्हणतो, ‘गाय आण’. दुसरा गाय आणतो. मग म्हणतो, ‘गाय बांध’, नंतर ‘घोडा आण’. बाजूला उभे असलेले मूल पाहत असते. पहिल्या वाक्यात त्याला सगळे एकत्रच कळते. शब्द बदलत गेले, की कोणता शब्द कशाचा, हे वेगळे होत जाते. एक शब्द ठेवायचा आणि दुसरा काढायचा, याला ‘आवाप-उद्वाप’ असे नाव आहे. एका वाक्यातून अर्थ पूर्ण कळत नाही, हे या मंडळींनी आधीच ओळखले होते.

यावरून मी एक पाठ बेततो. एकच शब्द असलेली तीन वाक्ये करायची, ती फळ्यावर एकदम न लिहिता एकेक लिहायची आणि प्रत्येकानंतर मुलांनी आपले अनुमान वहीत लिहायचे. आधीचे खोडायचे नाही, त्याखालीच नवे लिहायचे. ‘ओशाळणे’ घ्या. पहिले वाक्य: ‘सर्वांसमोर आपले नाव पुकारलेले ऐकून तो ओशाळला.’ येथे मुले खूश झाला, घाबरला, लाजला असे काहीही लिहितात आणि ते सगळे त्या वाक्यात बसते, म्हणून कुणालाही चूक म्हणायचे नाही. दुसरे वाक्य: ‘थाप उघडी पडताच ती ओशाळून खाली पाहू लागली.’ खूश होणे येथे गळते, घाबरणे अजून तग धरते. तिसरे: ‘पाहुण्यांसमोर फाटकी सतरंजी अंथरताना आई ओशाळली.’ आता घाबरणेही गळते आणि लाजणे उरते. पण लग्न ठरल्यावर मुलगी लाजते, तसे हे लाजणे नव्हे, कमीपणा वाटून झालेले आहे, हे तिन्ही वाक्ये एकत्र वाचल्यावर मुले स्वतःच सांगतात. ‘चुकीचा अर्थ घट्ट बसतो’ या भीतीचे येथे बरेचसे निरसन होते, कारण पहिले अनुमान हे बदलण्यासाठीच लिहिलेले असते.

वाक्ये करताना मात्र शिक्षकाला घाम फुटतो. पहिले वाक्य मुद्दाम सैल ठेवावे लागते. पहिल्यातच अर्थ उघड झाला, तर पुढच्या दोन वाक्यांत कुणाला रस राहत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिन्ही सरांचे मनापासून आभार. ओशाळणेचा पाठ मी तसाच्या तसा घेणार आहे. मुख्याध्यापक सर, ‘मनोविकार’ हा शब्द त्या मुलीला दुसऱ्याच दिवशी दिला. तिने थोडा वेळ विचार करून ‘चेहऱ्यावर काहीच न दाखवता’ असे उत्तर दिले. शब्दकोशाने याहून नेमके काय सांगितले असते?

एक बाजू मात्र अजून सुटलेली नाही. माझ्या मुलांच्या घरची भाषा वेगळी आहे. शब्द ओळखीचा वाटतो, पण तो ओळखीचा असतो तेलुगूतून किंवा कन्नडमधून, आणि तेथे त्याचा अर्थ निराळा असतो. अशा शब्दापाशी मूल थांबतच नाही, त्यामुळे हातही वर करत नाही. याला काय करावे?

उत्तर ४: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, दक्षिण सोलापूर

ताई, हा अनुभव आमच्या सीमाभागातील प्रत्येक शाळेत आहे. ‘आजीने एकटीने प्रपंच सांभाळला’ हे वाक्य घ्या. कन्नडमध्ये आणि तेलुगूतही प्रपंच म्हणजे जग. मूल ‘आजीने जग सांभाळले’ असा अर्थ घेते आणि पुढे जाते. आजी थोर होती, एवढे त्याला पटते. शब्द ओळखीचा असल्यामुळे त्याच्या मनात शंकाच येत नाही, आणि शंका आली नाही तर वर सांगितलेली कोणतीच पद्धत सुरू होत नाही. मराठीतल्या मराठीतही हे घडते. ‘उपेक्षा’ला ‘अपेक्षा’ आणि ‘परिमाण’ला ‘परिणाम’ वाचणारे मूल असेच निर्धास्त असते.

म्हणून मी अनोळखी शब्दाऐवजी अनोळखी वाक्यापासून सुरुवात करते. परिच्छेद वाचून झाल्यावर मुलाने तो आपल्या घरच्या भाषेत शेजारच्याला सांगायचा. कन्नड घरातल्या दोघांची जोडी, तेलुगू घरातल्या दोघांची जोडी. मला तेलुगू येत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. सांगताना ‘आजीने जग सांभाळले, मग तिने धाकट्या दोघांना शाळेत घातले’ अशी जोड लागली, की सांगणारा नाही तर ऐकणारा अडखळतो, आणि तो अडखळला की मला बोलावतो. जो शब्द नजरेतून निसटला होता, तो असा हाती लागतो. घरच्या भाषेला वर्गात मज्जाव असेल, तर ही वाट बंद होते, आणि काही शाळांत तो आजही आहे, हे नमूद केल्याशिवाय राहवत नाही.

उलट दिशेनेही या भाषांचा फायदा होतो. तुमच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणारी घरे पुष्कळ आहेत. ‘धोटा’, ‘ताणा’, ‘बाणा’, ‘फणी’ हे शब्द त्या मुलांना माहीत असतात आणि जुळे सोलापूरकडून येणाऱ्या मुलांना नसतात. मी असते, तर माग चालवणाऱ्या घरातल्या मुलाला चार ओळी लिहायला सांगितल्या असत्या: ‘धोटा’ शब्द वापरायचा, त्याचा अर्थ सांगायचा नाही, पण वाचणाऱ्याला तो ओळखता आला पाहिजे. ‘धोटा उजवीकडून डावीकडे गेला, त्याच्याबरोबर बाण्याचा धागा गेला’ असे लिहिताना पुरावा कुठे ठेवावा लागतो, हे त्याला कळते, आणि दुसऱ्याच्या लिखाणात तो कुठे शोधायचा, हेही कळते. आमच्याकडे शेतीच्या शब्दांवर हा प्रयोग करतो; कडबा आणि बाटूक यांतला फरक शब्दार्थ न देता सांगायचा म्हटले, तर मोठी माणसेसुद्धा डोके खाजवतात.

बारीकसारीक दोन गोष्टी सांगते. प्रत्येक शब्दापाशी हात वर करणाऱ्या मुलांसाठी मी असा नियम ठेवला आहे, की शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि परिच्छेद संपेपर्यंत थांबायचे नाही. संपल्यावर मागे यायचे. रेघ मारलेल्यांपैकी काही शब्द तोवर आपोआप सुटलेले असतात, काहींची गरजच उरलेली नसते, आणि जे खरोखर अडवतात, तेवढ्यांवरच वर्गात बोलायचे. ठोकून देणाऱ्यांसाठी मी अनुमानाला गुण देत नाही, कारणाला देते. वहीत शब्द, अनुमान आणि ‘कशावरून’ असे तीन रकाने असतात. तिसरा रिकामा असेल, तर दुसरा बरोबर असूनही गुण नाही. ‘कशावरून’च्या रकान्यात उताऱ्यातलेच शब्द उतरवायचे. सुरुवातीला मुले कुरकुरतात.

त्या रकान्यात ‘उताऱ्यात पुरावा नाही’ असे लिहिण्याचीही मुभा आहे, आणि ते खरे असेल, तर पूर्ण गुण मिळतात. मोहोळच्या सरांनी सांगितलेला दिशा न देणारा संदर्भ ओळखणे, हेही वाचनच आहे. अशा शब्दांची यादी आठवड्याच्या शेवटी एकत्र करून आम्ही शब्दकोशात पाहतो. परीक्षेत शब्दकोश नसतो. तेथे असा शब्द सोडून पुढचा प्रश्न घ्यायचा असतो, आणि कोणता शब्द सोडायचा, हे या सवयीने त्यांना कळू लागते.